दोन मुलं, १४ महिने आणि ५० एमएमची एक लेन्स

आमच्या धाकट्याला ‘फोटो’ हा शब्द कळायला लागला आणि तेव्हापासून त्याचे फोटो बिघडले. कॅमेरा दिसला की मान ताठ, हनुवटी वर, ओठ दोन्ही बाजूंना ताणलेले आणि होते-नव्हते तेवढे दात बाहेर. याला हसू म्हणावं तर डोळे घाबरलेले. दीड वर्षाचे फोटो ओळीनं बघितले तर कपडे बदलतात, तोंड तेच. थोरली सात वर्षांची. तिची तऱ्हा निराळी: एक पाय पुढे, हात कमरेवर, मान तिरकी. कुठून उचललं देव जाणे.

दोष मुलांचा नव्हताच. ‘इकडे बघ, इकडे, अरे इकडे! हस ना जरा!’ असं मीच ओरडायचे. माझ्या खांद्यामागे उभी राहून आजी टाळ्या वाजवायची आणि नवरा खेळणं हलवायचा. समोर तीन मोठी माणसं असा तमाशा करत असतील तर कुणीही दात विचकेल. त्यातून संध्याकाळी घरात प्रकाश कमी, म्हणून कॅमेरा आपला फ्लॅश उघडणार. तो लखलखाट झाला की खेळ थांबलाच. दोघंही खेळ टाकून स्क्रीनमध्ये स्वतःला बघायला धावत येणार.

यावर उपाय म्हणून मी १४ महिन्यांपूर्वी ५० एमएम, एफ १.८ ही लेन्स घेतली, तीही जुनी, दुसऱ्याकडून. एमएमचा आकडा जितका मोठा तितकी लेन्सची नजर अरुंद; एफचा आकडा जितका लहान तितकं तिचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, जास्त उघडतं आणि प्रकाश जास्त येतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक कॅमेरा कंपनीकडे अशी एक लेन्स असते, बहुतेक वेळा त्यांच्या यादीतली सगळ्यात स्वस्त, आणि मी सांगणार आहे त्यातलं बरंचसं सगळ्यांनाच लागू आहे. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला आणि चित्र टिपणारा सेन्सर मोठ्या, ‘फुल फ्रेम’ सेन्सरपेक्षा लहान असलेला. आधी त्याच्यावर सोबत आलेली १८-५५ झूमच असायची.

दिसायला ही लेन्स अगदीच मामुली आहे. प्लास्टिकचं अंग, वजन १८५ ग्रॅमच्या आसपास, हाताच्या मुठीत मावते. झूमचं कडं नाही, त्यामुळे पहिले दोन दिवस माझी बोटं हवेतच काहीतरी फिरवत होती. आत सहा काचा, पाच गटांत. या रचनेचं मूळ फार जुनं आहे. १८९६ साली झाइस कंपनीत पॉल रुडॉल्फ यांनी ‘प्लॅनर’ नावाची लेन्स केली, आजच्या बहुतेक साध्या पन्नासांचं घराणं तिथपर्यंत जातं. आणि पन्नास हा आकडा रुळला तो लायकामुळे. ऑस्कर बार्नाक हा त्या कॅमेऱ्याचा जनक. त्याला दम्याचा त्रास होता, जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन हिंडणं जमेना, म्हणून सिनेमाच्या फिल्मवर चालणारं खिशातलं यंत्र त्यानं केलं. १९२५ मध्ये ते बाजारात आलं तेव्हा त्यावर ५० एमएम, एफ ३.५ लेन्स होती. त्याआधी दहा-अकरा वर्षं तो मूळ नमुना घेऊन फिरत होता आणि त्यावर स्वतःच्या मुलांचेही फोटो काढत होता. मला हे वाचून बरं वाटलं. हातात मावणारा कॅमेरा आला तो पहिल्या दिवसापासून घरातल्या पोरांच्या मागे लागलेलाच आहे.

आता पहिल्या संध्याकाळबद्दल, कारण लेन्सचे पैसे मला त्या एका संध्याकाळी वसूल झाल्यासारखे वाटले.

साडेसहाची वेळ. खिडकीतून थोडा उजेड, बाकी खोली अंधारलेली. थोरलीचा वरचा दात हलत होता. ती खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसली होती आणि वाचता वाचता जिभेनं तो दात आतून ढकलत होती. दात पुढे यायचा, ओठ किंचित उचलला जायचा, मग परत. तिला पत्ताही नव्हता. याच जागी आधीच्या झूमनं मी अनेकदा हरले होते. ती लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, ३२०० ठेवूनही शटर (ते उघडं राहण्याचा वेळ) मिळायचं १/३० सेकंद. तेवढ्या वेळात मुलाची मान हलते, माझा हात हलतो, आणि चेहऱ्याच्या जागी पुसलेला खडू उरतो. त्या दिवशी एफ १.८ लावलं. एफ ५.६ पेक्षा साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश आत येतो, म्हणजे त्याच आयएसओला १/३० च्या जागी १/२५० आणि वर थोडी शिल्लक. फ्लॅश नाही, दिवा लावला नाही, ‘बघ’ म्हटलं नाही. सात फोटो काढले. पाचव्यात जिभेचं टोक दाताच्या मागे दिसतंय, भुवया पुस्तकातल्या कुठल्याशा गोष्टीनं वर गेल्यात आणि गालाच्या अर्ध्या भागावर खिडकीचा उजेड आहे. नऊ दिवसांनी तो दात पडला. दात पडल्यावरचा, हातात दात धरलेला फोटोही आहे. तो सगळ्यांना पाठवला. जवळ ठेवला तो पाचवा.

म्हणजे लेन्सनं मुलांना नैसर्गिक केलं असं नाही. मुलं नैसर्गिकच होती, मी मध्ये येत होते. उघडं अ‍ॅपर्चर मिळालं आणि फ्लॅश, दिवे, हाका हे सगळं बाजूला ठेवता आलं, इतकंच. पण ‘इतकंच’ला किती अर्थ आहे ते लहान मूल घरात असलेल्यांना कळेल.

याची किंमत मात्र द्यावी लागते आणि ती पहिल्याच आठवड्यात कळली. एफ १.८ वर फोकसची जाडी कागदासारखी होते. माझ्या सेन्सरवर, एक मीटरवरून, साधारण पावणेतीन सेंटिमीटर एवढाच पट्टा स्पष्ट येतो. तीन वर्षांच्या मुलाच्या नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंत जवळजवळ तेवढंच अंतर. धाकटा बूट घालत होता, उजवा बूट डाव्या पायात, पूर्ण निष्ठेनं. मी जमिनीवर आडवी पडून २२ फोटो काढले. कॉम्प्युटरवर बघते तर १४ फोटोंत बुटाची नाडी खणखणीत, कापडाची वीण मोजता येईल अशी, आणि मुलगा धुक्यात. तीन फोटोंत नाक स्पष्ट. चेहरा म्हणावा असे चार. उरलेल्या एकात माझा अंगठा.

तेव्हापासून मी एफ २.८ वर स्थिरावले. दीड मीटरवरून त्याला साडेनऊ सेंटिमीटरचा पट्टा मिळतो, दोन्ही डोळे आणि नाक आत येतं, मागची खोली तरीही मऊ होते. दोघं एकत्र असतील तर एफ ४. एफ १.८ फक्त उजेड संपत आला की. नवीन लेन्स घेतलेल्या प्रत्येकाला सुरुवातीला सगळी बॅकग्राउंड विरघळवून टाकायची हौस असते, मलाही होती. सहा महिन्यांनी ते फोटो बघितले तेव्हा वाईट वाटलं. मुलगी आहे, पण तिनं त्या दिवसांत भिंतीवर चिकटवलेली चित्रं नाहीत, पसारा नाही, तो एक कान तुटलेला ससा नाही. सगळ्याचं पीठ झालंय. पसारा फोटोत असू द्यावा असं माझं आताचं मत आहे. आवरून फोटो काढायचे दिवस पुढे येणारच आहेत.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार. क्रॉप सेन्सरवर ही लेन्स घरात लांब पडते. सेन्सर लहान असल्यामुळे ५० ची नजर फुल फ्रेमवरच्या ७५ सारखी अरुंद होते. दोन मीटरवरून आडव्या फ्रेममध्ये ९० सेंटिमीटरच्या आसपास रुंदी मावते. मूल जमिनीवर बसून ठोकळे रचतंय, ते मूल, ठोकळे आणि शेजारी लुडबुडणारी ताई एवढं घ्यायचं तर मला मागे सरकावं लागतं आणि मागे कपाट असतं. माझ्या पाठीला त्या कपाटाच्या मुठी पाठ झाल्यात. एकदा मागे सरकता सरकता मी दाराबाहेर गेले आणि उंबऱ्यावर बसून फोटो काढला. तो चौकटीसकट आलेला फोटो बरा निघाला, हा भाग वेगळा. ३५ एमएम असती तर त्याच दोन मीटरवरून सव्वा मीटरच्या वर रुंदी मिळाली असती. त्यामुळे कुणी विचारलं तर मी सरळ सांगते: क्रॉप सेन्सर असेल आणि फोटो मुख्यतः घरात काढायचे असतील तर ३५ घ्या. फुल फ्रेम असेल तर ५०. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर, असं म्हणणार होते, पण सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. ५० स्वस्त होती.

या लांबीचा एक फायदा झाला तो कबूल करायला हवा. फोनचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या हिशेबानं २४-२६ एमएमच्या आसपास असतो. चेहरा भरून घ्यायचा तर फोन मुलाच्या नाकापाशी न्यावा लागतो, मग नाक मोठं आणि कान मागे पळालेले दिसतात. शिवाय नाकापाशी फोन आला की कुठलंही मूल खेळ सोडून फोन पकडणार. ५० नं मी दीड-दोन मीटर लांब असते. तेवढ्या अंतरावर चेहऱ्याचं प्रमाण जसं आपल्या डोळ्याला दिसतं तसं येतं, आणि मूल मला विसरतं. हे विसरणं हाच सगळा खेळ आहे.

ते विसरावं म्हणून मी काय करते तेही सांगते, कारण नुसती लेन्स लावून काही होत नाही. कॅमेरा कपाटात ठेवणं बंद केलं. तो हाताशी, मुलांच्या नजरेसमोरच उघडा पडलेला असतो, झाकण काढून, सेटिंग लावून. कॅमेरा बाहेर काढणं हा आमच्याकडे आता प्रसंग राहिलेला नाही. आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ६४००, आणि शटर १/२५० च्या खाली जाऊ द्यायचं नाही असं कॅमेऱ्याला सांगून ठेवलंय. चित्र काढत बसलेल्या मुलाला १/१२५ पुरतं, पण बसलेलं मूल कधी उठेल याचा नेम नाही. पळापळीला १/५००, उड्या मारायला लागली तर १/१०००. फोटोत थोडा दाणा आला तर येऊ दे. दाणेदार फोटो छापता येतो, हललेला येत नाही.

मग जमिनीवर बसायचं. लेन्स मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला. उभ्यानं काढलेल्या फोटोत मुलाचा भांग दिसतो आणि कपाळ. सुरुवातीची दहा मिनिटं मी कॅमेरा डोळ्याला लावतच नाही, नुसती बसते. धाकटा येऊन मांडीवर बसतो, लेन्समध्ये डोकावतो, काचेवर बोट लावतो, कंटाळतो आणि जातो. त्यानंतरचे फोटो. नावानं हाक मारायची नाही हा नियम मी भिंतीवर लिहून लावायचा बाकी ठेवलाय. आजीला तो मान्य नाही. ‘अगं, कॅमेऱ्याकडे बघितलं नाही तर फोटो कसला?’ असं ती म्हणते. यावर आमचा तह झालाय: प्रत्येक वेळी एक फोटो आजीच्या पद्धतीचा, सगळे रांगेत, सगळे समोर बघणारे. तो काढून झाला की मी कॅमेरा खाली घेते, पण पोटाशी धरून चालूच ठेवते. ‘झालं!’ म्हटल्यावर पुढचे चार सेकंद फार मोलाचे असतात. धाकट्याचे खांदे खाली येतात, दात आत जातात, तो ताईकडे बघतो आणि खरं हसतो. त्यांच्या सगळ्यात चांगल्या जोड-फोटोंपैकी निम्मे या ‘झालं’नंतरचे आहेत.

प्रकाशाचं पण सांगते. मी मुलांना हलवत नाही, खेळणी हलवते. ठोकळ्यांची टोपली खिडकीजवळ ठेवली की अर्ध्या तासात मुलं तिथे जातातच. खिडकी त्यांच्या बाजूला हवी, माझ्या पाठीशी नको; पाठीशी असली की चेहरा सपाट दिसतो. खिडकी त्यांच्या मागे आली तर कॅमेरा उजेडाला घाबरून चेहरा काळा करतो, तेव्हा एक्स्पोजर एक घर वर. आणि खोलीतला दिवा बंद. पिवळा दिवा ३००० केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप) आसपास आणि दिवसाचा उजेड ५५०० च्या; दोन्ही एकत्र आले की एक गाल निळा आणि एक गाल नारिंगी. तो नंतर कॉम्प्युटरवर दुरुस्त करायला बसलं की रात्र जाते.

आता लेन्सचे दोष, माझ्या हातातल्या लेन्सचे. ऑटोफोकसची मोटर आवाज करते. घुर्र-टक, घुर्र-टक. बाहेर जाणवत नाही, पण मूल झोपलेलं असताना जाणवतं आणि व्हिडिओत तर सगळ्यात जास्त जाणवतं. धाकट्याच्या पहिल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगवर मागे कुणीतरी सुतारकाम करतंय असं वाटतं. फोकसचा वेगही यथातथाच. बसलेल्या, चालणाऱ्या मुलाला डोळा ओळखून पकडते. माझ्याकडे धावत येणाऱ्या मुलाला पाचातल्या दोन वेळा पकडते. त्यावर मी शोधलेला मार्ग असा की समोरून धावताना काढायचंच नाही. आडवं पळताना काढायचं, म्हणजे अंतर फार बदलत नाही. केस डोळ्यांवर आले की बिचारी गोंधळते आणि बटांवर फोकस करते. थोरलीचे केस कायम डोळ्यांवर.

जवळचं टोक ४५ सेंटिमीटर आहे, त्याच्या आत ती फोकस करत नाही. म्हणजे बोटांची नखं, गुडघ्यावरची खपली, पापण्या असं अगदी जवळून काही हवं असेल तर ही लेन्स नाही. उघड्या आकाशासमोर एफ १.८ वर केसांच्या कडेला जांभळी रेघ येते, २.८ वर बरीच कमी होते.

आवाज नको म्हणून मी एकदा कॅमेऱ्याचं सायलेंट शटर लावलं. हा दोष लेन्सचा नाही, पण या वाटेनं जाणारे सगळे इथे ठेचकाळतात, म्हणून लिहिते. सायलेंट शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो. बरेचसे एलईडी दिवे विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या दुप्पट वेगानं लुकलुकतात, आपल्याला दिसत नाही. पण कॅमेऱ्याला दिसतं. वाढदिवसाचे माझे ४० फोटो आडव्या पट्ट्यापट्ट्यांचे निघाले, जणू मुलं झेब्र्याच्या कातड्याआड उभी होती. दिव्यात साधं शटर, खिडकीच्या उजेडात सायलेंट, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

एकदा लेन्स पडली. टेबलावरून धाकट्यानं पट्टा ओढला, कॅमेरा खाली, लेन्स पुढच्या तोंडावर. फिल्टरचं कडं चेपलं, काचेला काही झालं नाही, फोकसही शाबूत. प्लास्टिकच्या हलकेपणाला मी नावं ठेवायचे, त्या दिवसापासून ठेवत नाही. पट्टा मात्र आता टेबलाखाली लोंबू देत नाही.

फोन असताना एवढा खटाटोप कशाला, हे नवऱ्यानं विचारलं होतं आणि प्रश्न रास्त आहे. उन्हात, अंगणात, व्हिडिओला फोन चांगला. बटण दाबण्याआधीचे क्षणही तो टिपून ठेवतो, ते माझ्या कॅमेऱ्याला जमत नाही. त्याचा पोर्ट्रेट मोड मात्र मला पटत नाही. तो बॅकग्राउंड हिशेबानं धूसर करतो, आणि मुलांचे विस्कटलेले केस त्या हिशेबात बसत नाहीत. डोक्याभोवती कात्रीनं कापल्यासारखी कड येते. मुख्य म्हणजे फोन हातात घेतला की मी फोटो काढून लगेच तिथेच भलतंच काहीतरी बघायला लागते. कॅमेऱ्यात बघायला दुसरं काही नाही.

१४ महिन्यांत काढले ११ हजारांच्या वर, ठेवले सहाशेच्या आसपास. निवड हा या लेन्सच्या वापराचाच भाग समजा, कारण फोकस चुकण्याचं प्रमाण बघता बर्स्टशिवाय गत्यंतर नाही आणि बर्स्ट म्हणजे एकाच क्षणाचे बारा फोटो. मी दर रविवारी बसते. एका प्रसंगाचे दोन, फार तर तीन ठेवायचे, बाकी उडवायचे. डोळे मिटलेला पण हात बोलणारा फोटो मी ठेवते. महिन्याला दहा छापून घेते. छापलेले फोटो मुलं स्वतः काढून बघतात, कॉम्प्युटरमधले कुणीही बघत नाही.

निवडायला थोरली शेजारी बसते. मागच्या पावसाळ्यात तिनं एक फोटो उडवायला लावला. रडून झाल्यावरचा होता, पापण्या चिकटलेल्या, खिडकीचा उजेड. मला विचाराल तर त्या महिन्यातला सगळ्यात चांगला. ‘आई, हा नको. मला तेव्हा राग आलेला.’ मी थोडी घासाघीस केली, खोटं कशाला बोलू. ‘कुणाला दाखवणार नाही, फक्त आपल्यासाठी ठेवू’ म्हटलं. नाहीच ऐकलं. उडवला. तिच्या फोटोंवर तिचा नकार चालतो, हे तेव्हापासून ठरलं. धाकट्याला अजून नकार देता येत नाही, म्हणून आंघोळीचे, रडण्याचे, झोपेत लाळ गळतानाचे त्याचे फोटो घराबाहेर जात नाहीत. बाहेर पाठवायच्या फोटोंतून जागेची माहिती काढून टाकते. फोन ती फोटोच्या आत लिहून ठेवतो, बऱ्याच कॅमेऱ्यांत तशी सोय फोनला जोडल्यावर चालू होते. सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघून घ्या. दप्तरावरचं नाव आणि शाळेचा बिल्ला हेही बघते.

गुण द्यायचे तर घरातल्या प्रकाशाला पैकीच्या पैकी, चेहऱ्याच्या रेखाटनाला पैकीच्या पैकी, वजनाला एकही गुण कापणार नाही. ऑटोफोकस काठावर पास. व्हिडिओत नापास. क्रॉप सेन्सरवाल्यांसाठी मी वर म्हटलं तसं, ३५.

जुनी घेणार असाल तर एवढं बघा. दोन्ही झाकणं काढा, लेन्स उजेडासमोर धरा आणि तिरक्या नजरेनं आतून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे, घेऊ नका. धुळीचे चार कण असले तर काही बिघडत नाही, ते फोटोत येत नाहीत. कॅमेऱ्यावर चढवून एफ १.८ ला आणि एफ ८ ला एकेक फोटो काढा, अ‍ॅपर्चरची पाती अडकत नाहीत ना ते कळेल. खोली शांत करून फोकस जवळून लांब नेऊन मोटर ऐका. घुर्र चालेल, करकर नको. आणि फोकस तपासायला कुठली तरी सरळ धरलेली पट्टी नको, जिवंत माणूस उभा करा आणि डोळ्यावर पाच फोटो घ्या. पाचातले चार लागले तर घ्या. मी विकत घेताना माझ्या पाचातले चार लागले होते, पण समोर उभा होता नवरा, आणि तो हलत नाही.